प्रमाणपुरुषाचा अबोला

मुकुंदराव म्हैसाळकरांनी एका रविवारी आपल्या थोरल्या भावाशी समेट केला, आणि पुढच्या रविवारपर्यंत महाराष्ट्रातील एकोणीस लाख माणसे आजारी ठरली.

या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध असेल, अशी शंका प्रथम कोणालाही आली नाही. भावाभावांचे समेट कुठे ना कुठे रोज होतच असतात, आणि त्यामुळे फार तर दोन जावांचे डोके दुखते. एवढ्याशा कारणाने चंद्रपूरच्या शिक्षिकेचे, अलिबागच्या वकिलाचे आणि परभणीच्या एका संपूर्ण भजनी मंडळाचे रक्त एकाच आठवड्यात बिघडावे, हे कोणत्याही शास्त्रात बसणारे नव्हते. ते कसे बसले हे समजण्यासाठी आधी ‘निकष’ हे यंत्र समजून घेतले पाहिजे.

‘निकष’ म्हणजे काडेपेटीएवढी डबी. सकाळी तिच्यावर बोट टेकवायचे, मुंगी चावल्याइतके टोचायचे, आणि रक्ताचा एक थेंब आत जायचा. आत सोन्याचा अतिशय पातळ पापुद्रा असे आणि त्यावर सहाशे बारा प्रकारची प्रतिपिंडे ओळीने बसवलेली असत. मोठ्या पंगतीत एखादा यजमान केवळ आपल्या गावच्याच माणसाला हाताला धरून शेजारी बसवून घेतो, तसे प्रत्येक प्रतिपिंड रक्तातल्या एकाच प्रथिनाला ओळखून धरून ठेवी. जितकी प्रथिने बसत, तितका त्या पापुद्र्यातून वाहणाऱ्या विजेत फरक पडे. तो फरक डबी मोजी.

परंतु विजेतला फरक म्हणजे आरोग्य नव्हे. कापडाची लांबी सांगायची तर आधी गज हवा. तसे माणसाचे रक्त मोजायचे तर ते ज्याच्याशी ताडून पाहायचे, असे एक प्रमाण हवे. मिरजेच्या प्रथिन संवेदक संस्थेने हे यंत्र तयार केले तेव्हा त्यासाठी दोनशे निरोगी माणसांचे मंडळ नेमण्याचे ठरले होते. त्याची फाईल निघाली, मुंबईला गेली, एका शंकेसह परत आली, शंकेचे निरसन घेऊन पुन्हा गेली, आणि मग तिकडेच रमली. तोपर्यंत तात्पुरती व्यवस्था म्हणून संस्थेतल्याच एका माणसाचे रक्त वापरावे असा निर्णय झाला. त्या तात्पुरत्या व्यवस्थेला येत्या मार्गशीर्षात सहा वर्षे पूर्ण होणार होती. ती व्यवस्था म्हणजे मुकुंदराव.

त्यांची निवड कोणत्याही वैद्यकीय कारणाने झालेली नव्हती. रक्त सकाळी साडेसातला, उपाशीपोटी हवे होते. त्या वेळेपर्यंत संस्थेतील सर्व शास्त्रज्ञांचे दोन-दोन चहा झालेले असत. एकटे मुकुंदराव, संस्थेचे भांडारपाल, भांडारातल्या देवाच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावून आठ वाजल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंबही घालत नसत. शिवाय त्यांच्या दंडावरची शीर दोरीसारखी ठसठशीत होती, आणि चौदा वर्षांत त्यांनी एकदाही सोमवारी रजा घेतलेली नव्हती. दर सोमवारी त्यांचे रक्त काढावे, त्यातली प्रथिने मोजून ‘एक’ हा आकडा ठरवावा, आणि शनिवारपर्यंत तो दीड कोटी डब्यांपर्यंत पोचवावा, असा क्रम पडून गेला. ज्याची डबी ‘एक’ दाखवी, तो माणूस उत्तम. आकडा एक पूर्णांक तीन दशांशाच्या वर गेला, की डबी लाल होई आणि डॉक्टरांकडे जाण्याची आज्ञा करी.

अशा रीतीने मुकुंदराव महाराष्ट्राच्या आरोग्याचा गज झाले. संस्थेच्या दर्शनी भिंतीवर त्यांची तसबीर लागली. तिच्याखाली ‘प्रमाणपुरुष’ अशी अक्षरे होती. वर्धापनदिनी शाल मिळे. लग्नाकार्यात लोक ओळख करून देताना म्हणत, “हे आपले एक.” मुकुंदराव संकोचल्यासारखे दाखवीत, पण त्यांना ते फार आवडे. आयुष्यभर स्पिरिटच्या बाटल्या आणि कापसाचे बोळे मोजलेल्या माणसाला, आपल्यावरून सगळे राज्य मोजले जाते, याचे सुख काय असते ते इतरांना कळणार नाही.

मंगळवारी सकाळी त्यांना संचालकांच्या खोलीत बोलावणे आले.

संचालक मिणचेकर येरझारा घालीत होते. खुर्चीत डॉ. शलाका नाईकनवरे बसल्या होत्या. ‘निकष’ ही मूळ त्यांची कल्पना. त्यांच्या मांडीवर आकड्यांचे कागद होते.

“म्हैसाळकर,” संचालक थांबून म्हणाले, “तुम्ही काय केलंत?”

“कुठं काय, साहेब? ग्लोव्हजची खोकी दुसऱ्या कपाटात—”

“ग्लोव्हज राहू देत! एकोणीस लाख डब्या लाल झाल्यात. मंत्रालयातून तीन फोन आले. तिसरा तर ज्यांचा आला त्यांची स्वतःचीच डबी लाल आहे!”

“काका, बसा तुम्ही,” शलाका म्हणाल्या. “लोकांना काही झालेलं नाही. बदललाय तो तुमचा आकडा. दाह दाखवणारं एक प्रथिन असतं. शरीरात कुठं सूज असली, हिरडी दुखत असली, की यकृत ते जास्त तयार करतं. गेल्या सोमवारच्या तुमच्या रक्तात ते एकदम पाव हिश्शानं उतरलंय. गजच आखूड झाला, म्हणून प्रत्येकाचं कापड लांब भरतंय. आता सांगा, त्या आठवड्यात खाण्यात काही बदल?”

“नाही.”

“औषध? काढा? कुणी सांगितलेला एखादा रस?”

“मॅडम, माझ्या बायकोनं, वृंदानं, मागं दुधी भोपळ्याचा रस दिला होता, तो मी तुळशीला घातला. तुळस गेली.”

“झोप? व्यायाम? दाढदुखी थांबली?”

मुकुंदरावांनी बराच विचार केला. मग थोडे चाचरत म्हणाले, “त्या सोमवारच्या आदल्या रविवारी दादाचा फोन आला होता.”

“कोण दादा?”

“माझा थोरला भाऊ. सांगलीत असतो. अकरा वर्षं आमचं बोलणं नव्हतं.”

शलाकांनी कागद खाली ठेवले. मिरज आणि सांगली यांत दोन कोसांचे अंतर. तेथे अकरा वर्षे बोलणे नसणे म्हणजे मोठ्या निग्रहाचे काम होते. कारण विचारता मुकुंदरावांनी ते अजूनही मान वर करून सांगितले. म्हैसाळकरांच्या घरचा गणपती पिढ्यानुपिढ्या पाच दिवसांचा. वडील, म्हणजे अण्णा, गेल्यावर दुसऱ्याच वर्षी, मुलाला बंगळुरास पोचवायचे म्हणून, दादाने तो दीड दिवसात बोळवला, आणि धाकट्या भावाला कळवायचे विसरला. मुकुंदराव तिसऱ्या दिवशी सहकुटुंब, एकवीस मोदकांचा डबा घेऊन दारात उभे राहिले, तो रिकामे मखर. ते पाणीही न पिता मागे फिरले. मोदक रिक्षावाल्याने खाल्ले.

“आणि आता फोन कशाबद्दल?”

“तुमच्या डबीबद्दलच, मॅडम. दादा म्हणाला, ‘मुकुंदा, सहा वर्षं रोज सकाळी बोट टोचतोय आणि रोज यंत्र सांगतंय, तू अगदी मुकुंदासारखा. वहिनीचं निराळं येतं, पोरांचं निराळं येतं, माझं मात्र बरोब्बर एक. यंत्राला कळतं ते मला कळू नये?’ मग आम्ही दोघंही जरा...” मुकुंदरावांनी चष्मा पुसला. “तासभर बोललो. दिवाळीचा पाडवा त्याच्याकडे ठरलाय.”

मनाला लागून राहिलेला त्रासही हे प्रथिन वाढवतो, हे शलाकांना ठाऊक होते. परंतु संपूर्ण राज्याचे आरोग्य एका मोदकांच्या डब्यावर उभे आहे, ही कल्पना पचायला वेळ लागत होता. संचालकांना मात्र तो लागला नाही. ते प्रशासनातून आलेले होते.

“म्हणजे उपाय सोपा आहे,” ते म्हणाले. “भांडा.”

“काय?”

“भावाशी भांडा. तुमच्या मनःस्तापावर यंत्र व्यवस्थित चाललं होतं, तो मनःस्ताप पूर्ववत करा. फार नाही, तीन महिने. तोपर्यंत मी दोनशे जणांची फाईल हलवतो.”

“साहेब, हे बरोबर नाही,” शलाका म्हणाल्या.

“एकोणीस लाख लोकांनी डॉक्टरांच्या दारात रांगा लावणं बरोबर आहे? म्हैसाळकर, एक लक्षात ठेवा. प्रमाणपुरुष म्हणजे मानाची जागा आहे. ती ढळणाऱ्या माणसाची नव्हे.”

हे शब्द मुकुंदरावांच्या वर्मी लागले. घरी येताना दर्शनी भिंतीवरच्या स्वतःच्या तसबिरीकडे त्यांनी पाहिले, तेव्हा तीही नाराज दिसली.

“अहो, पण हे म्हणजे काहीतरीच,” वृंदाताई कुकरची शिट्टी काढीत म्हणाल्या. “अकरा वर्षं मी सांगत होते बोला म्हणून, तेव्हा बोलला नाहीत. आता बोललात, तर सरकार म्हणतं भांडा!”

“सरकार नाही, संस्था.”

“तेच ते. आणि भांडायला जाताय तर दाढी करून जा. वहिनी काय म्हणतील?”

गुरुवारी संध्याकाळी मुकुंदराव गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून सांगलीत दादांच्या दारात उभे राहिले. दादा त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठे, निवृत्त मुख्याध्यापक. आवाज असा, की शेजारच्या गल्लीतली मुले अजूनही तो ऐकून सरळ बसत. मुकुंदरावांनी उंबऱ्यातच आपल्या येण्याचे शास्त्रीय कारण सांगितले. दादांनी ते पूर्ण ऐकून घेतले.

“म्हणजे राज्याच्या हितासाठी आपण भांडायचं?”

“हो.”

“मग चप्पल काढून आत ये. दारात भांडायला आपण काय नळावर आलोय?”

दोघे समोरासमोर बसले. पहिली दहा मिनिटे फुकट गेली. ठरवून भांडणे फार अवघड असते. दोघेही एकमेकांना ‘आधी तू बोल’ म्हणत राहिले. शेवटी वहिनींनी पोह्यांच्या बशा ठेवता ठेवता म्हटले, “भावोजी, त्या वर्षी तुम्ही निदान फोन करून यायचं होतंत.”

“मी फोन करून यायचं?” मुकुंदराव उसळले. “आपल्या घरच्या गणपतीला? पाच दिवसांचा गणपती तिसऱ्या दिवशी घरात असतो, हे फोन करून विचारायचं?”

“अरे, पोराचा प्रवेश जाणार होता!” दादांचा आवाज चढला.

“एक दिवस उशिरा गेला असता तर बंगळूर काय उठून चाललं होतं? अण्णांनी ताप असताना पाच दिवस बसवलाय!”

“अण्णांचं मला सांगू नकोस! आरती म्हणताना मध्येच पेंगणारा तू!”

“आणि तू? प्रसादाच्या खिरापतीतलं खोबरं वेचून खाणारा!”

“ते तू खायचास! मार मी खायचो!”

“खाल्लाच पाहिजेस! मोठा होतास तू!”

हे दीड तास चालले. त्यात वडिलांच्या सायकलची घंटा निघाली, शाळेतल्या गॅदरिंगमधली एक खोटी दाढी निघाली, मोदक एकवीस होते की अठरा यावर स्वतंत्र वाद झाला. समोरच्या इमारतीतली माणसे गॅलरीत येऊन उभी राहिली. शेवटी दोघांचेही घसे बसले, आणि त्या शांततेत दादा बसक्या आवाजात म्हणाले, “पोहे गार झाले. वहिनीला सांग, पुन्हा गरम कर म्हणावं.”

मुकुंदराव घरी परतले ते घामाने निथळत, कान लाल, आणि कर्तव्य पार पाडल्याच्या पूर्ण समाधानात. शुक्रवारी आणि शनिवारी त्यांनी फोनवरून आणखी दोन फेऱ्या केल्या. सोमवारी त्यांनी निर्धास्तपणे दंड पुढे केला.

बुधवारी रक्ताचा अहवाल आला. ते प्रथिन पूर्वीच्या निम्म्यावर उतरले होते. हा आकडा डब्यांत गेला तर लाल डब्या एकतीस लाख होणार होत्या.

“तुम्ही नीट भांडला नाहीत!” संचालक ओरडले.

“साहेब, घसा बघा माझा. कोमट पाण्यावर आहे मी.”

“मग हे काय आहे?”

“मी सांगते,” शलाका म्हणाल्या. त्या दोन दिवस प्रयोगशाळेतून फारशा बाहेर पडलेल्या नव्हत्या. संस्थेत एक जुने, संथ आणि कंटाळवाणे यंत्र होते. ते कोणाशीही ताडून न पाहता, रक्तात हे प्रथिन नेमके किती मिलिग्रॅम आहे एवढेच सांगे. सहा वर्षे त्यावर झाकण होते आणि झाकणावर कोणीतरी मनीप्लँटची कुंडी ठेवली होती. शलाकांनी कुंडी उतरवून, शीतपेटीत जपून ठेवलेले मुकुंदरावांचे सहा वर्षांचे सर्व नमुने त्यातून पुन्हा मोजले होते. “निरोगी माणसात हे तीनच्या आत असावं. काकांचं सहा वर्षं सतत सहा होतं. आज पहिल्यांदा ते तीन आहे. आपला प्रमाणपुरुष सहा वर्षं आजारी होता, साहेब. आणि जो त्याच्याइतकाच आजारी, त्याला आपण उत्तम म्हणत होतो.”

“आणि भांडण?”

“भांडणानं हे वाढतच नव्हतं. वाढत होतं ते न बोलण्यानं. भांडायला लागल्यापासून काका बरे होत चाललेत.”

मुकुंदराव खुर्चीच्या कडेवर बसून हे ऐकत होते. अकरा वर्षांत सांगलीचा नुसता रस्ता दिसला तरी छातीत एक बारीक जळजळ होई. ती ते स्वाभिमान समजून चालले होते. ते आपले यकृत होते, हे आज कळले.

संचालकांनी कपाळ चोळले, आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. शलाकांना त्या उजळण्याची भीती वाटली.

“म्हणजे भांडण नको,” ते म्हणाले. “अबोला हवा! अकरा वर्षं सांभाळलात, म्हैसाळकर, आणखी तीन महिने काय कठीण आहे? फोन नाही, जाणं-येणं नाही. पाडवा पुढच्या वर्षी करा. मागच्या महिन्याचा आकडा आपण तूर्त तसाच चालू ठेवू, आणि तुमचं रक्त पुन्हा त्याच्याशी येऊन मिळेल. तुमची तसबीर जागच्या जागी राहील. मी तर म्हणतो, पुतळ्याचं बघू.”

“साहेब, त्या डब्या लाल झालेल्या लोकांतले बरेच जण खरोखर आजारी आहेत,” शलाका म्हणाल्या. “कुणाच्या हिरड्या, कुणाचं हृदय. आधी कळलं तर औषध आहे. आपण त्यांना पुन्हा हिरवं दाखवायचं?”

“तात्पुरतं!”

तो शब्द ऐकून मुकुंदराव उठून उभे राहिले. या खोलीत ते आजवर कधी परवानगीवाचून उठलेले नव्हते.

“साहेब, दादा अडुसष्टचा आहे,” ते म्हणाले. “तीन महिने म्हणजे त्याच्या हिशेबात किती, ते मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. तो रोज सकाळी बोट टोचत होता आणि माझ्याइतका आजारी निघून खूश होत होता. त्याला आता मी गप्प बसून पुन्हा आजारी करू? आणि त्याच्याबरोबर परभणीचं भजनी मंडळ?”

“म्हैसाळकर, तुम्ही भावनेच्या भरात—”

“भरात नाही. तीन मिलिग्रॅमवर बोलतोय. मॅडमना विचारा.” त्यांनी बाही वर सारली. “हा दंड आहे. यातून जे येईल ते खरं येईल. आकडा पाठवायचा तर तो पाठवा. जुना पाठवणार असाल, तर त्यावर माझं नाव नको, आणि भिंतीवर तोंडही नको.”

शलाकांनी शांतपणे पेनाचे टोपण काढले. नवा प्रमाण-आकडा त्यांच्या सहीने जात असे. संचालक “थांबा” म्हणेपर्यंत सही झाली होती, आणि टोपण परत बसले होते.

त्यानंतरचा पंधरवडा गोंधळाचा गेला. एकतीस लाख डब्या लाल झाल्या, वर्तमानपत्रांनी ‘रहस्यमय साथ’ असे मथळे दिले, आणि मग शलाकांनी पत्रकारांसमोर सर्व काही जसे घडले तसे सांगितले. सहा वर्षे न हललेली फाईल त्याच दुपारी हलली. परभणीच्या भजनी मंडळातल्या दोघांच्या हृदयाचे दुखणे वेळीच सापडले. तबलजीची दाढ काढली. तसबीर खाली उतरली, आणि भिंतीवर तेवढा पांढरा चौकोन राहिला. मुकुंदराव येता-जाता त्याच्याकडे पाहायचे टाळीत. नाही म्हटले तरी माणूसच ते. पाडव्याला मात्र दादांकडे एकवीस मोदक झाले, आणि दादांनी अठराच असल्याचे सिद्ध करण्यासाठी तीन आधीच खाल्ले.

दोनशे निरोगी माणसांच्या निवडीसाठी जो अर्ज निघाला, त्यात शलाकांनी वय, वजन, आजार यांच्याबरोबर एक नवी ओळ घातली होती : ‘सध्या कोणाशी बोलणे बंद आहे काय? असल्यास किती जणांशी?’ पहिल्या फेरीत चौदाशे अर्ज आले. त्यांतले नऊ पात्र ठरले. त्या नऊंपैकी चार पुढे एकमेकांशी भांडून बाद झाले असते, पण ते भांडण बोलून झाले, म्हणून राहिले.

मुकुंदरावांनीही अर्ज भरला. एक होण्याचा मान गेला तरी दोनशेंतला एक होता येईल, असा त्यांचा विचार. शलाकांच्या टेबलापाशी उभे राहून त्यांनी सगळे रकाने झोकात भरले. नव्या ओळीपाशी त्यांचे पेन थांबले.

“काय झालं, काका? दादांशी पुन्हा?”

“छे! आज सकाळीच अर्धा तास भांडलो.” मुकुंदरावांनी मान खाली घातली. “पण मिणचेकर साहेब. सही झाल्या दिवसापासून बोललेले नाहीत माझ्याशी. समोरून आले तर जिन्यानं जातात. गुडघे दुखतात त्यांचे, तरी जिन्यानं.”

“मग ‘एक’ लिहा. त्यात खोटं लिहून चालणार नाही.”

मुकुंदरावांनी पेनाचे टोपण लावले, अर्ज घडी करून खिशात घातला आणि सरळ संचालकांच्या खोलीचे दार ढकलले. मिणचेकर दचकून फाईलमध्ये तोंड लपवू लागले; पण खोलीला जिना नव्हता.

मुकुंदरावांनी खुर्ची ओढली, न विचारता बसले, आणि दोन्ही कोपरे टेबलावर टेकवून म्हणाले, “साहेब, तुमचं फार चुकलं होतं.”

“माझं?” मिणचेकरांच्या तोंडून इतक्या दिवसांनी पहिला शब्द निघाला, आणि मग तो कसा निघाला याचे भानही न राहता ते फाईल आपटून उभे राहिले. “माझं चुकलं? अहो म्हैसाळकर, तुमच्या त्या मोदकांपायी—”

बाहेर शलाकांनी दार अलगद लोटून घेतले आणि चहावाल्याला दोन बोटे दाखवून आत चहा पाठवायची खूण केली.